काउंटरच्या अलीकडे

प्रास्ताविक

आपल्यापैकी अनेक जण दिवसा नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हा अभ्यास करीत असतील. कोणी दुकानात, कोणी उपाहारगृहात, कोणी पतसंस्थेत, तर कोणी रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर काम करीत असेल. ग्राहकाशी आपण कसे वागावे, हे अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी सांगितले जाते. परंतु आपल्या शेजारी उभा असलेला सहकारी ग्राहकाशी वाईट वागत असेल, तर आपण काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. बोलावे, तर नाते तुटते; गप्प बसावे, तर मन खाते. प्रस्तुत पाठात या पेचाचा विचार केला आहे. औषधाच्या दुकानातील प्रसंग कल्पित आहे. इतर घटना, कायदे व साले प्रत्यक्षातील आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• सहकाऱ्याचा उद्धटपणा आणि ग्राहकाची फसवणूक यांतील फरक सांगता येईल.
• सहकाऱ्याशी केव्हा, कोठे व कोणत्या शब्दांत बोलावे, हे ठरवता येईल.
• ‘वर्णन’ आणि ‘शेरा’ यांतील भेद ओळखता येईल.
• घडलेल्या घटनेचे संक्षिप्त लेखी निवेदन तयार करता येईल.

मूळ पाठ

(१)

बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागात एच.एस.आर. लेआउट ही वसाहत आहे. होसूर आणि सरजापूर या दोन रस्त्यांच्या नावांतील इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने वसवलेल्या या वसाहतीत सात सेक्टर आहेत. अगरा, पारंगीपाळ्य, सोमसुंदरपाळ्य ही जुनी वस्ती तिच्या कडेला आजही नांदत आहे. त्यामुळे येथील एकाच दुकानाच्या काउंटरपुढे संगणक कंपन्यांतील तरुण, त्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायका, इमारतींचे पहारेकरी, बांधकामावरील मजूर आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिलेली कन्नड व तेलुगू बोलणारी माणसे एका रांगेत उभी राहतात.

अशाच एका औषधाच्या दुकानात निपाणीकडचे दोघे जण काम करीत होते. थोरला नऊ वर्षांपासून तेथे होता. धाकट्याला त्यानेच गावाहून आणले, मालकांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि आपल्या खोलीत जागा दिली. धाकटा त्याला ‘दादा’ म्हणे.

एका संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, एक वृद्ध स्त्री डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. औषधे मिळाल्यावर कोणती गोळी केव्हा घ्यायची, असे तिने कन्नडमध्ये विचारले. दादा म्हणाला, “पाकिटावर लिहिलंय. वाचून घ्या.” तिने पुन्हा विचारले. तेव्हा तो म्हणाला, “वाचता येत नसेल, तर घरातल्या कुणाला तरी पाठवायचं. मागे रांग लागली आहे, दिसत नाही?” रांगेतले दोघे-तिघे हसले. म्हातारीने पाकिटे पिशवीत घातली आणि ती पायऱ्या उतरू लागली.

धाकट्याने हातातले काम ठेवले. “अम्मा, जरा थांबा,” असे म्हणून तो तिच्या मागे गेला. तिची पाकिटे त्याने आत बसलेल्या नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे नेली. त्याने सांगितल्याप्रमाणे सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य काढला, रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढला आणि तिला समजावून दिले. या सर्वाला दोन-तीन मिनिटे लागली. दादाला त्या वेळी तो काहीच बोलला नाही.

रात्री दुकान बंद करून दोघे खोलीकडे निघाले.

“दादा, एक बोलू?”

“बोल की.”

“तुम्ही त्या आजींना ‘वाचता येत नसेल तर’ असं म्हणालात, तेव्हा रांगेतली माणसं हसली. त्या पुढं काही न विचारताच निघाल्या होत्या. रात्रीची गोळी सकाळी घेतली असती, तर?”

“सकाळी नऊपासून उभा आहे मी. पाय सुजलेत. एकेकाला दहा-दहा वेळा सांगत बसलो, तर रांग कोण संपवणार? आणि तू काल आलास, मला शिकवतोस?”

“शिकवत नाही, दादा. माझ्या आईलाही वाचता येत नाही. गावातल्या दुकानात तिला कुणी असं बोललं असतं, तर तुम्हीच भांडला असता. गर्दी झाली, की समजावून सांगायचं काम माझ्याकडं द्या. बिलं तुम्ही करा.”

दादाने उत्तर दिले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून कामाची वाटणी तशी झाली.

(२)

महिन्याभराने दुसरा प्रसंग घडला. जवळच्या इमारतीच्या कामावरील एक मजूर औषधाची बाटली घ्यायला आला. बाटलीवर किंमत ८५ रुपये छापलेली होती. दादाने त्याच्याकडून १२० रुपये घेतले, बिल दिले नाही, आणि वरचे पैसे खिशात टाकले. धाकट्याने ते पाहिले.

“दादा, बाटलीवर पंच्याऐंशी छापले होते. तुम्ही एकशेवीस घेतले.”

“तुला काय करायचंय? कुणाच्या आधारानं इथं उभा आहेस, विसरलास वाटतं!”

“विसरलो नाही. म्हणूनच आधी तुम्हाला सांगतोय. उद्या सकाळी मालकांना तुम्ही स्वतः सांगा आणि त्या माणसाचे पैसे परत द्या. दुपारपर्यंत तुम्ही सांगितलं नाही, तर मला सांगावं लागेल.”

त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही. सकाळी दादाने मालकांना सांगितले. मालकांनी त्याला कडक ताकीद दिली, नोकरीवर ठेवले आणि मजुराचे पैसे परत करायला लावले. त्यानंतर कित्येक दिवस दादा धाकट्याशी बोलत नव्हता. जेवण मात्र दोघांचे एकाच पातेल्यात शिजत होते.

(३)

धाकट्याने दोन प्रसंगी दोन वेगळे मार्ग का स्वीकारले, याचा आता विचार करू.

पहिल्या प्रसंगातील दोष वर्तणुकीचा होता. थकवा, गर्दी आणि सवय यांतून तो घडला. समजावून सांगितल्याने व कामाची वाटणी बदलल्याने तो सुधारण्यासारखा होता. म्हणून तो दोघांमध्येच मिटला. दुसऱ्या प्रसंगात ग्राहकाच्या अज्ञानाचा फायदा घेतला गेला. वेष्टनबंद वस्तू छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकण्यास कायद्याची मनाई आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याने आवश्यक नसताना इतरांना सांगणे, हीदेखील अनुचित प्रथाच होय. अशा बाबतीत ‘आपसात मिटवू’ असे म्हणता येत नाही. कारण ज्याचे नुकसान झाले, तो ग्राहक त्या ‘आपसात’ नसतोच.

दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट मात्र समान आहे. धाकट्याने दादाला चारचौघांत खाली पाहायला लावले नाही. ग्राहकासमोर सहकाऱ्याला सुनावले, की वादाचा विषय बदलतो. सहकारी स्वतःची प्रतिष्ठा राखण्यासाठी भांडू लागतो आणि ग्राहक ताटकळत राहतो. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम ग्राहकाची गरज भागवावी, नंतर सहकाऱ्याशी एकांतात बोलावे आणि त्यानेही भागले नाही, तर वरिष्ठांकडे जावे. ग्राहकाच्या जिवाला धोका असेल, त्याला मारहाण होत असेल किंवा स्त्रीशी असभ्य वर्तन होत असेल, तर मात्र या क्रमाची वाट पाहू नये. तेथे तत्काळ मध्ये पडणे आणि वरिष्ठांना बोलावणे हेच कर्तव्य ठरते.

(४)

सहकाऱ्याच्या वागण्याचे कारण शोधणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे. पण कारण कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. दिवसभर हसतमुख राहणे हेही श्रमच आहेत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ हा ग्रंथ लिहिला. स्वतःच्या भावना आवरून समोरच्याला प्रसन्न ठेवण्याच्या या कामाला त्यांनी ‘भावनिक श्रम’ म्हटले. गाठोडे उचलणाऱ्याची पाठ दुखते, हे सर्वांना दिसते. गोड बोलून दमलेल्याचा थकवा कोणाला दिसत नाही.

दादाचे सुजलेले पाय ही किरकोळ गोष्ट नव्हती. केरळमधील कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना कामाच्या वेळात बसू दिले जात नसे. त्यांनी संघटित होऊन याविरुद्ध आवाज उठवला. त्यानंतर २०१८ मध्ये केरळ राज्याने कायद्यात बदल करून दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तसाच बदल केला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सहकारी सतत चिडचिडा होत असेल, तर त्याचा स्वभाव तपासण्याबरोबर त्याचे कामाचे तासही तपासावेत. ‘दादाला एक स्टूल हवे,’ हे मालकांना सांगणे हाही ग्राहकसेवेचाच भाग आहे.

परंतु थकवा हे उद्धटपणाचे कारण असले, तरी निवड मात्र माणसाचीच असते. दमलेला माणूस सुटाबुटातील ग्राहकाशी नम्रतेने बोलत असेल आणि मजुरावरच खेकसत असेल, तर तो केवळ थकवा नाही. समोरचा आपले काही बिघडवू शकणार नाही, या हिशेबाने केलेली ती वागणूक आहे. सहकाऱ्याला पारखताना हा फरक अवश्य पाहावा.

(५)

एच.एस.आर. लेआउटपासून होसूर रस्त्याने दक्षिणेकडे गेले, की पुढे आनेकल तालुका लागतो. त्या तालुक्यातील सूर्यनगर येथे भारतीय स्टेट बँकेच्या शाखेत मे २०२५ मध्ये एक घटना घडली. ग्राहकाने कन्नडमध्ये बोलण्याचा आग्रह धरला आणि शाखा व्यवस्थापकांनी त्यास नकार दिला. त्या वादाचे चित्रीकरण सर्वत्र पसरले. कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी या वागणुकीचा जाहीर निषेध केला. व्यवस्थापकांची बदली झाली आणि त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

ग्राहकाची भाषा येत नसणे हा गुन्हा नाही. परप्रांतातून आलेल्या प्रत्येकाला तो अनुभव येतो. परंतु ‘येत नाही’ आणि ‘बोलणार नाही’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्यात अडचण आहे, दुसऱ्यात अवहेलना आहे. अशा वादात शेजारच्या टेबलावरील एखादा कर्मचारी पुढे झाला आणि “इकडे या, मी कन्नडमध्ये सांगतो” एवढे म्हणाला, तरी ठिणगी तेथेच विझू शकते. यात तो सहकाऱ्याविरुद्ध जात नाही. उलट सहकाऱ्याला मोठ्या संकटातून वाचवतो. बेंगळुरूत काम करणाऱ्या मराठी माणसाने ‘एनु बेकु?’ म्हणजे ‘काय हवे?’ आणि ‘कुळितुकोळ्ळी’ म्हणजे ‘बसा’ एवढे शब्द शिकून घेतले, तरी काउंटरवरील अर्धे काम सोपे होते. महाराष्ट्रात येऊन मराठीची चार वाक्ये बोलणाऱ्याचे आपल्याला जे कौतुक वाटते, तेच कन्नडिगांनाही वाटते.

या घटनेतून आणखी एक बोध घ्यावा. सहकाऱ्याची चूक भ्रमणध्वनीवर चित्रित करून जगाला दाखवणे, हा त्याला सुधारण्याचा मार्ग नव्हे. एका दिवसातील चूक त्याच्या नावाला आयुष्यभर चिकटून राहू शकते. जेथे बोलून काम होते, तेथे शिक्षेची घाई करू नये.

(६)

ग्राहकाचा मान हा विषय आपल्याकडे नवीन नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. पुढे १९८६ मध्ये संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला. त्यास २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस ‘राष्ट्रीय ग्राहक दिन’ म्हणून पाळला जातो. भारतीय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये बँक ग्राहकांच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली. तिच्यातील पाच हक्कांपैकी पहिलाच हक्क न्याय्य वागणुकीचा आहे. ग्राहकाला तक्रार करायची असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

हे सर्व उपाय घटना घडून गेल्यानंतरचे आहेत. म्हातारी पायरी उतरत असते, त्या क्षणी तेथे ना कायदा असतो, ना साहाय्यवाणी. तेथे फक्त दुसरा कर्मचारी असतो. ग्राहकाच्या दृष्टीने काउंटरच्या अलीकडे उभी असलेली सर्व माणसे एकच असतात. एक जण अपमान करतो आणि दुसरा मान खाली घालून बिले मोजतो, तेव्हा ग्राहकाला दोघांचाही होकारच दिसतो.

धाकट्याला दादाचा अबोला सोसावा लागला. उपकारकर्त्याला दोष दाखवण्याची किंमत असते, ती त्याने मोजली. पण त्याने दादाला सांगण्याची पहिली संधी दादालाच दिली, म्हणून दादाची नोकरी टिकली. उपकाराची फेड चुकीवर पांघरूण घालून होत नाही. चूक सुधारण्याची वाट मोकळी ठेवून होते.

शब्दार्थ

पेच – अडचणीची, निर्णय घेण्यास कठीण अशी स्थिती. शब्द टाकणे – एखाद्यासाठी शिफारस करणे. औषधनिर्माता – औषधे देण्याचे विधिवत शिक्षण घेतलेली व्यक्ती. वेष्टनबंद – बंद आवरणातील. अनुचित – योग्य नसलेले. अवहेलना – तुच्छतेने केलेला अपमान. सनद – अधिकारांचा लेखी जाहीरनामा. अबोला – रागाने न बोलणे.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
१. वृद्ध स्त्री निघाली असता धाकट्याने प्रथम काय केले?
(अ) दादाला सुनावले (आ) मालकांना बोलावले (इ) तिला थांबवून औषधे समजावून दिली
२. केरळमध्ये २०१८ साली झालेला बदल कशाविषयी होता?
(अ) दुकानातील कर्मचाऱ्यांची बसण्याची सोय (आ) छापील किंमत (इ) ग्राहकांच्या तक्रारी
३. ‘भावनिक श्रम’ म्हणजे काय?
(अ) जड ओझी वाहणे (आ) आपल्या भावना आवरून इतरांना प्रसन्न ठेवणे (इ) रात्रपाळी करणे

भाषाभ्यास : वर्णन आणि शेरा

पुढील वाक्ये वाचा.
(क) दादा उर्मट आहेत.
(ख) ‘वाचता येत नसेल तर’ असं तुम्ही म्हणालात, तेव्हा रांगेतली माणसं हसली.

पहिले वाक्य हा शेरा आहे. तो माणसावर मारलेला शिक्का होय. तो ऐकून माणूस चिडतो किंवा नाकारतो. दुसरे वाक्य हे वर्णन आहे. त्यात काय म्हटले गेले आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढेच सांगितले आहे. ते नाकारता येत नाही आणि सुधारताही येते. माणूस आपला स्वभाव एका रात्रीत बदलू शकत नाही. एक वाक्य मात्र उद्यापासून बदलू शकतो.

लेखी निवेदनातही वर्णनच असावे. दादाने मालकांना काही सांगितले नसते, तर धाकट्याला पुढीलप्रमाणे लिहिता आले असते :

“काल सायंकाळी सुमारे साडेसात वाजता एका ग्राहकाला औषधाची बाटली विकण्यात आली. बाटलीवरील छापील किंमत ८५ रुपये होती. ग्राहकाकडून १२० रुपये घेण्यात आले व बिल देण्यात आले नाही. ही गोष्ट मी स्वतः पाहिली. संबंधित सहकाऱ्याशी मी त्याच रात्री बोललो आहे. ग्राहकाला त्याचे जादा पैसे परत मिळावेत, ही विनंती.”

या निवेदनात वेळ, रक्कम, स्वतः पाहिल्याचा उल्लेख आणि विनंती आहे. ‘लबाड’, ‘नेहमीच’, ‘सगळे म्हणतात’ असे शब्द नाहीत. ‘घेण्यात आले’, ‘देण्यात आले’ ही रूपे कार्यालयीन मराठीत वारंवार येतात. त्यांत कृतीवर भर असतो. मात्र मालकांनी विचारल्यास कोणी घेतले, हे स्पष्ट सांगावे. भाषेचा आडोसा करू नये.

पाठगत प्रश्न २

पुढील वाक्यांपैकी शेरा कोणता व वर्णन कोणते, ते ओळखा.
१. तिला ग्राहकांशी बोलायची अक्कलच नाही.
२. तिने ग्राहकाचा भ्रमणध्वनी क्रमांक सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला.
३. त्याने रांगेतील मजुराला सोडून मागून आलेल्या माणसाला आधी सामान दिले.

आपण काय शिकलो

• ग्राहकाची गरज प्रथम, सहकाऱ्याशी एकांतात बोलणे नंतर आणि आवश्यक असेल तेव्हा वरिष्ठांकडे जाणे, असा क्रम ठेवावा. धोक्याच्या वेळी मात्र तत्काळ मध्ये पडावे.
• उद्धटपणा समजावून दूर करता येतो. फसवणूक मात्र झाकून ठेवू नये.
• वागण्यामागील कारण शोधावे, पण कारणाला सबब बनवू नये.
• बोलताना व लिहिताना व्यक्तीवर शेरा न मारता कृतीचे वर्णन करावे.

स्वाध्याय

१. ‘उपकाराची फेड चुकीवर पांघरूण घालून होत नाही,’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘येत नाही’ आणि ‘बोलणार नाही’ यांतील फरक तुमच्या अनुभवातील उदाहरण देऊन लिहा.
३. धाकट्याने पहिल्या प्रसंगानंतरच मालकांकडे तक्रार केली असती, तर काय झाले असते? आठ ते दहा ओळींत लिहा.
४. उपाहारगृहातील एक सहकारी पहारेकऱ्यांना व मजुरांना जाणूनबुजून उशिरा वाढतो. तुमचा आणि त्याचा संवाद लिहा. संवादात एकही शेरा येणार नाही, याची काळजी घ्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : १. (इ) २. (अ) ३. (आ)
पाठगत प्रश्न २ : १. शेरा २. वर्णन ३. वर्णन